तिची गाडी आणि चालू गाडी

६ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

आम्ही घरी पोचलो, गाडी मात्र पोचली नाही. घाबरू नका, भिंगरी आणि मी दोघंही ठणठणीत आहोत. खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्ही म्हणता, कवळ्या घासायच्या ग्राइंडरच्या आवाजानं कान गेलेत, फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मनानं भरावं लागतं. म्हणून पत्र.

रविवारी तुमच्याकडून निघालो तेव्हा गाडी बरी चालत होती. मधला मोठा चढ अर्धा झाला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. मागून भिंगरी म्हणाली, "बाबा, गाडीनं चहा टाकला!" मला हसू आलं आणि मी गाडी तशीच पुढे दामटली. चढ संपता संपता खाडकन आवाज झाला आणि इंजिन जे अडकलं ते अडकलंच. शेवटी एका दूधवाल्या ट्रकनं दोर बांधून आम्हाला गावापर्यंत ओढत आणलं. भिंगरीला ती मोठी गंमत वाटली.

मिस्त्रींनी गाडी बघितली. पाण्याचा पाइप फुटून सगळं पाणी गळून गेलं होतं आणि इंजिन आतून भाजलं, असं ते म्हणाले. आता दोनच रस्ते आहेत. इंजिन उतरवून पूर्ण उघडायचं आणि नव्यानं बांधायचं. नाहीतर हिचा नाद सोडून एखादी चालू गाडी घ्यायची.

मला काही सुचत नाही. गाडी तिची. कागदावर अजून तिचंच नाव आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणं बरं दिसत नाही.

कामाला तर गाडी लागतेच. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या घेऊन मला रोज गावाबाहेरच्या टाक्यांवर जावं लागतं. सध्या प्रयोगशाळेची व्हॅन मागून वेळ मारून नेतोय. पुढच्या महिन्यात मात्र तुमच्याकडे यायला जमेलसं दिसत नाही. बस दोनदा बदलावी लागते आणि भिंगरीला बस लागते, तुम्हाला माहीतच आहे.

तब्येतीला जपा.

तुमचा जावई


१३ फेब्रुवारी

जावईबापू,

पोरगी घाबरली नाही ना? "चहा टाकला" म्हणाली म्हणजे नसेलच घाबरली. अगदी आईवर गेली आहे. हिच्या आईनंही लहानपणी आमच्या घराला आग लागली तेव्हा "आता पाहुणे येतील का?" असं विचारलं होतं.

आता गाडीचं. इंजिन बांधा. यात विचारायचं काय?

माझ्याकडे रोज कुणीतरी तुटकी कवळी रुमालात गुंडाळून आणतं आणि विचारतं, "बाई, ही जोडू की नवी करू?" मी आधी हातात घेऊन बघते. हिरडीला नीट बसलेली असेल तर जोडूनच देते. नवी कितीही चकचकीत असली तरी तोंड तिला महिनोन्‌महिने आपली म्हणत नाही. माझंच नुकसान होतं, पण खरं ते खरं.

तरीही मी माझ्या अकलेवर विसंबले नाही. आमचे शेजारी ड्रायव्हरभाऊ, ज्यांनी सारा जन्म बस चालवण्यात घालवला, त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी माझ्याच टेबलावरचं मेण घेऊन त्याचा पिस्टन केला आणि पेल्यात खालीवर करून दाखवला. म्हणाले, चांगल्या हातानं बांधलेलं इंजिन पुन्हा दहा वर्षं मागे वळून बघत नाही. मिस्त्रींना एवढंच विचारा म्हणाले, की सिलिंडर घासून साफ होतील का आणि क्रँक वाकलाय का. पेला मला नंतर तीनदा धुवावा लागला.

तुमच्या लक्षात असेलच, पण तरी लिहिते. ती गाडी घेऊन पहिल्यांदा दारात आली तेव्हा हॉर्न एवढा वाजवला की मला वाटलं कुणाची तरी वरात आली. तिच्याकडे बोलायला शिकायला येणारं ते गप्प पोर, कुणाच्याच हाती लागत नव्हतं. त्याला मांडीवर घेऊन ही हॉर्न वाजवायची आणि म्हणायची, "पी पी." त्या पोराच्या तोंडून पहिला "प" फुटला तो त्या गाडीत. हे मला तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं की मी कंटाळले होते. आता सांगायला कुणी नाही, तर मीच तुम्हाला सांगते.

तर इंजिन बांधायचं. आणि भिंगरीला बस लागते तर मी येते. हातातल्या दोन कवळ्या झाल्या की निघते. कळवा.

भिंगरीची आजी


२ मार्च

आई, नमस्कार.

उशीर झाला, रागावू नका. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

मिस्त्रींनी इंजिन उतरवलंय. तुम्ही सांगितलेलं सगळं विचारलं. ते म्हणतात, अजून नक्की काही सांगता येत नाही. काही भाग बाहेरून मागवावे लागतील, सिलिंडर घासायला लेथवाल्याकडे न्यावे लागतील, त्याच्याकडे आधीचीच कामं पडून आहेत. थोडं धीरानं घ्यावं लागेल असं दिसतं.

तुम्ही आत्ता येऊ नका. घराला रंग काढलाय. सामान सगळं मधल्या खोलीत रचलंय, झोपायची पंचाईत आहे. तुम्हाला त्या वासाचा त्रास होईल.

भिंगरीचा वरचा दात पडला. तो तुमच्याकडे पाठवायचा म्हणते, "आजी कुणाला तरी लावेल." तिला अभ्यासाचा कंटाळा आहे, पण शाळेच्या वाचनालयात रमते. तिथल्या बाई तिला पुस्तकं काढून देतात.

बाकी सर्व ठीक.

तुमचा जावई


१२ मार्च

जावईबापू,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. एक इंजिन उघडायला महिना? ड्रायव्हरभाऊंना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, मिस्त्री टोलवतोय तुमच्या जावयाला. पण दुसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आलं. तुम्ही लिहिलंय, "थोडं धीरानं घ्यावं लागेल." हे तुम्ही गाडीबद्दल लिहिलेलं नाही.

तुम्हाला ती गाडी उघडलेली बघवत नाही, होय ना? मला समजतं हो. मीसुद्धा तिचं कपाट अजून उघडलेलं नाही. तुम्ही मिस्त्रींकडे जात असाल, लांबून बघत असाल आणि परत येत असाल. मिस्त्री बिचारा वाट बघत बसला असेल तुमच्या हो-नाहीची. आणि मी इथून तुम्हाला पिस्टन आणि क्रँक शिकवतेय.

एक मनातलं सांगते. ती गेली तेव्हा बायका माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "पुरुषाची जात, वर्षाच्या आत दुसरी आणेल. नातीचं तुमच्याकडे येणं बंद होईल बघा." मी मनातून भ्यायले होते. तुम्ही दोन वर्षं दर महिन्याला आलात. पावसात आलात, ताप अंगात असताना आलात. दुसरा कुणी असता तर एव्हाना चालू गाडी घेऊन मोकळा झाला असता. तुम्ही तिच्या गाडीसाठी ताटकळलात. माझ्या पोटी मुलगा आला नाही, पण मला त्याचं काही वाटत नाही ते तुमच्यामुळे.

सावकाश होऊ द्या. ड्रायव्हरभाऊंच्या ओळखीनं त्या जुन्या मॉडेलच्या पिस्टनच्या रिंगा मिळताहेत, मी सांगून ठेवल्यात. रंग वाळला की कळवा.

दात पाठवून द्या. लावते कुणाला तरी.

भिंगरीची आजी


२ एप्रिल

प्रिय आजी,

शाळेत आम्हाला पत्र लिहायला शिकवलं. बाईंनी सांगितलं की घरातल्या माणसाला खरं पत्र लिहा आणि पेटीत टाका. म्हणून मी तुला लिहिते आहे. हे मी एकटीनं लिहिलं आहे.

तू कशी आहेस? मी बरी आहे. माझा दुसरा दात पण हलतो.

आमची नवीन गाडी राखाडी आहे. ती नवीन नाही, पण आम्हाला नवीन आहे. ती आली तेव्हा थंडी होती, मी लाल स्वेटर घातला होता. तिच्या काचा बटणानं खाली होतात. रविवारी आम्ही तलावावर गेलो होतो. पुढे मावशी बसतात, मी मागे बसते. मावशी म्हणजे आमच्या शाळेच्या वाचनालयाच्या बाई. शाळेत बाई म्हणायचं आणि घरी मावशी. मी परवा चुकून शाळेत मावशी म्हटलं तर सगळे हसले.

मावशींनी माझी खोली पिवळी करून दिली. मला पिवळाच हवा होता.

बाबा म्हणाले गाडीचं आजीला मी सांगणार आहे, तू सांगू नको. पण ते केव्हाचे सांगणार आहेत. म्हणून मी सांगितलं. आता तू आमच्याकडे ये, मी तुला काच खाली करून दाखवीन.

तुझी भिंगरी


११ एप्रिल

जावईबापू,

गुरुवारी मी तुमच्या गावी येऊन गेले. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर रंग अजून ओला निघाला असता.

घरी आलेच नाही. बसस्टँडवर उतरून विचारत विचारत मिस्त्रींकडे गेले. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, अमुक गाडीची मालकीण माझी मुलगी. तर बिचाऱ्यानं हात पुसले आणि बसायला स्टूल दिलं.

गाडी मागे भिंतीशी आहे. बॉनेट काढून आत ठेवलंय, पुढचा भाग नुसता पोकळ. इंजिन खाली एका टायरवर होतं, त्यावर पोतं. मी म्हटलं, "दाखवा." तर ते म्हणाले, "आजी, बघून काय करणार?" मी म्हटलं, "दाखवा तरी." त्यांनी पोतं काढलं, बॅटरी मारली. भेग मला ओळखता येते, माझा धंदाच तो आहे. तरी मी नख फिरवून बघितलं. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेली आहे, नख अडकतं.

मी विचारलं, "हे बांधता येईल?"

ते म्हणाले, "ब्लॉकच फुटलाय, आजी. यात बांधायला काही शिल्लक नाही. दुसरं इंजिन टाकावं तर या मॉडेलचं कुठं मिळत नाही. साहेबांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, चालू गाडी बघा."

"पहिल्याच दिवशी म्हणजे?"

"ओढून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे तुम्ही मला पहिलं पत्र लिहायला बसलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. दोन रस्ते नव्हतेच. आणि मी इकडे रिंगा सांगून ठेवत होते, ड्रायव्हरभाऊंना रोज विचारत होते. माझं हसं झालं त्याचं काही नाही.

तिथून शाळेकडे गेले. सुटायची वेळ होती. समोरच्या पेपरवाल्याच्या टपरीशी उभी राहिले. तुमची राखाडी गाडी समोरच उभी होती. वाचनालयाच्या बाई फाटकातून बाहेर आल्या आणि गाडीशी थांबल्या. आखूड केस, चष्मा, वयानं तुमच्याएवढ्याच असतील. भिंगरी फाटकातून पळत आली ती बोलतच आली, काय बोलत होती ते मला ऐकू येईना. तिच्या बुटाची नाडी सुटली होती. त्या तिथेच धुळीत गुडघा टेकून बसल्या आणि नाडी बांधायला लागल्या. भिंगरीनं तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवताना बघितलंसुद्धा नाही. आपल्या माणसावर ठेवावा तसा ठेवला, आणि बोलत राहिली.

मी हाक मारणार होते. तिच्यासाठी आणलेली बिस्किटं पिशवीत होती. पण तो हात बघितला आणि मी परत फिरले. बिस्किटं बसमधल्या कुणाला तरी दिली.

तुम्ही लग्न करताय की केलंत, ते मी विचारत नाही. तो तुमचा हक्क आहे. पण इंजिनाबद्दल खोटं का बोललात, तेवढं सांगा. मागच्या पत्रात मी तुम्हाला काय काय लिहिलं होतं ते आठवलं की अंगावर काटा येतो. ते वाचून तुम्हाला काय वाटलं असेल? हसलात का?


१९ एप्रिल

आई,

हसलो नाही. तुमचं ते पत्र मी व्हॅनमध्ये बसून वाचलं. "दुसरा कुणी असता तर" इथवर आलो आणि पुढे वाचवेना. त्या दिवशी सगळे नमुने मी दुपारीच आणून टाकले आणि बरं वाटत नाही म्हणून घरी गेलो. राखाडी गाडी तेव्हा दारात उभीच होती. ती मी फेब्रुवारीतच घेतली, कामाला मात्र व्हॅनच नेत होतो.

विचारलंत तर सगळं सांगतो.

चढावर लाल दिवा लागला होता. मला दिसला होता. थांबायला हवं होतं. पण भिंगरी "चहा टाकला" म्हणाली ती हसत म्हणाली नव्हती, मला हसू आलं ते मी खोटं लिहिलं. ती रडत होती. तुमच्याकडून परत येताना ती दर वेळी रडते. तुमच्या घरी आईचा फोटो, आईची खोली, आईचा कप, आईची खुर्ची. तिला आई नीटशी आठवत नाही आणि आठवत नाही म्हणून ती रडते. मला म्हणते, "मला आठवतं असं आजीला सांगितलं, पण आठवत नाही." हे ऐकत मी दोन वर्षं तो चढ चढलो. त्या दिवशी मला फक्त घरी पोचायचं होतं. म्हणून दामटली. तिची गाडी माझ्या हातानं जळाली.

आणि ट्रकनं ओढत नेताना मला काय वाटलं ते सांगतो, मग हवं तर माझं तोंड बघू नका. मला हलकं वाटलं. पुढच्या महिन्यात जावं लागणार नाही, असं वाटलं.

त्या गाडीत सीट तिच्या उंचीला लावलेलं होतं. मी दोन वर्षं ते मागे सरकवलं नाही. गुडघे स्टिअरिंगला घासायचे. राखाडी गाडीत पहिल्यांदा बसलो आणि पाय लांब केले, तेव्हा मला रडू कोसळलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, गाडी पसंत नाही का?"

आता खोटं का बोललो ते. मिस्त्रींनी सांगितलं त्याच दिवशी तुम्हाला कळवायला बसलो. "इंजिन गेलं" एवढे दोनच शब्द लिहायचे होते. आई, त्या दिवशी दवाखान्यातून तुम्हाला फोन मीच केला होता. तुम्ही पलीकडून "हॅलो, हॅलो" म्हणत होतात आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी फुटला तेव्हा तुम्ही म्हणालात, "नीट ऐकू येत नाही." मी पुन्हा सांगितलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "ऐकू येत नाही." मला तीनदा सांगावं लागलं होतं. त्यानंतर तुम्ही फोन उचललेला नाही. तुम्ही ग्राइंडरचं नाव सांगता, मी हो म्हणतो.

तुम्हाला तिच्याबद्दल "गेलं" असं काहीही पुन्हा कळवणं माझ्याच्यानं होईना. म्हणून दोन रस्ते आहेत असं लिहिलं. वाटलं, तुम्हीच म्हणाल, जाऊ द्या, चालू गाडी घ्या. तुम्ही म्हणालात, बांधा. मग पुढचं सगळं त्यावर रचत गेलो.

लग्न अजून झालेलं नाही. मेच्या शेवटी कचेरीत सह्या करायच्या आहेत. तुम्हाला आधी सांगावं, असं त्या जानेवारीपासून म्हणताहेत. मागच्या आठवड्यात तर म्हणाल्या, "त्यांना सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही." मीच तोंड चुकवत राहिलो.

गाडी भंगारात द्यायची तर माझ्याबरोबर तुमचीही सही लागते, कागदावर तिनं नॉमिनी म्हणून तुमचं नाव दिलंय. नको असेल तर राहू दे तिथेच भिंतीशी. मिस्त्री काही म्हणत नाहीत.

तुमचा जावई


१७ मे

जावईबापू,

उत्तर द्यायला वेळ लागला. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. पहिल्या पत्रात तुम्हाला खूप बोलले होते. दुसऱ्यात रडगाणं होतं. तिसऱ्यात समजूतदारपणाचा आव आणला होता, ते सगळ्यात वाईट होतं.

तुम्ही दिवा बघून गाडी दामटलीत म्हणून मला राग नाही. पण भिंगरीला आठवत नाही हे वाचलं आणि मी दिवसभर काम बाजूला ठेवलं. मी तिला दर वेळी विचारायचे हो, "आई तुला कसं गाणं म्हणायची, आठवतं ना?" ती मान हलवायची आणि मी खूश व्हायचे. एवढंसं पोर, माझं मन राखायला खोटं बोलत होतं. तुम्हीही तेच करत होतात. माझ्या घरात यायचं म्हणजे सगळ्यांना खोटं बोलावं लागायचं, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि माझंही मला कळलं नाही.

फोनचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. पण मी ऐकू येत नाही म्हणत होते तोवर ती होती.

गाडी देऊन टाका. सही करून कागद सोबत पाठवते. सही करताना हात थांबला नाही म्हणून मलाच नवल वाटलं. नंतर पेनाला टोपण बसवता येईना. ड्रायव्हरभाऊ शेजारी होते, त्यांनी बसवून दिलं. गाडी उचलून नेतील तेव्हा तुम्ही तिथे थांबा. कुणीतरी घरचं असावं.

तिच्या खोलीतला पलंग मी बाहेरच्या खोलीत आणून लावला आहे. तिचे कपडे काढले. कपाट उघडलं तेव्हा तिचा वास येईल अशी मला भीती होती. नुसता बंद कपाटाचा वास आला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सह्या झाल्या की तिघं या. त्यांना सांगा, सासू म्हणून माझ्या पाया पडायला वगैरे येऊ नका, साधं जेवायला या. खाण्यात काय चालतं ते कळवा. आणि पुढच्या सीटवर त्यांनाच बसू दे, मी बाहेर येईन तेव्हा कुणी घाईघाईनं मागे जाऊन बसू नका.

भिंगरीची आजी


९ जून

आई, नमस्कार.

गाडी सोमवारी गेली. मी थांबलो होतो. क्रेननं उचलली तेव्हा मागचं दार आपोआप उघडलं आणि वरच्या वर लोंबकळत राहिलं. मिस्त्रींनी क्रेनवाल्याला थांबवलं, शिडी लावून वर गेले आणि दार लावून आले. भंगारातच जायची होती, तरी लावलं. मी त्यांचे आभार मानले तर म्हणाले, "असं उघडं बरं नाही दिसत."

आम्ही येत्या रविवारी येतो. त्यांना सगळं चालतं. त्या घाबरल्या आहेत. सकाळपासून दोनदा विचारलं, "मी त्यांना काय म्हणू?"

तुमचा जावई


१८ जून

जावईबापू,

पोचल्याचं पत्र मिळालं. दारात जे झालं त्याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलं नाहीत. पण मला लिहायचंय. नाहीतर आपण पुन्हा एकमेकांपासून लपवायला लागू.

दिवस चांगला गेला. त्या ताट उचलायला लागल्या तेव्हा मी "राहू दे" म्हणाले ते परकेपणानं नाही, ताटवाट्या आपल्याच हातानं उचलायची माझी सवय आहे म्हणून. त्यांना वाईट वाटलं नसेल ना? त्यांनी माझ्या कामाचं विचारलं, खरंच विचारलं, उगीच नाही. भिंगरीला मेणाचा दात करायला दिला, तर तिनं सुळाच केला.

मग तुम्ही निघालात. तुम्ही गाडी वळवत होतात, त्या फाटकाशी उभ्या होत्या. भिंगरी माझ्याशी बोलता बोलता वळली आणि तिनं त्यांना हाक मारली, "आई, थांब, मी आले!"

तुम्ही स्टिअरिंगवर तसेच. त्या माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या. आणि भिंगरीला कळलं. ती माझ्याकडे बघायला लागली, ओठ थरथरायला लागला. तुमच्या घरी ती केव्हापासून म्हणत असेल कोण जाणे, आणि माझ्याकडे यायच्या आधी कुणीतरी तिला बजावलं असेल. किंवा नसेलही, पोरांना बजावावं लागत नाही. आणखी एक पळ गेला असता तर ती म्हणाली असती, "चुकून झालं, आजी." तिला मी ते म्हणू दिलं असतं तर जन्मभर चुकूनच राहिलं असतं.

म्हणून मी म्हणाले, "अगं, आई थांबली आहे ना तुझी. जा पळ."

कसं म्हणाले ते मला विचारू नका. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. भिंगरी पळत गेली आणि त्यांच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मी मान हलवली आणि आत आले. गाडी गेल्याचं मी बघितलं नाही, आवाज तेवढा ऐकला. मग स्वयंपाकघरात खाली बसले. ती गेली त्या दिवशी रडले नव्हते इतकी त्या दिवशी रडले. ड्रायव्हरभाऊ येऊन बाहेरच्या पायरीवर बसून राहिले, आत आले नाहीत. शहाणा माणूस.

हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. जे म्हणाले ते मागे घेणार नाही. तिला तसंच म्हणू द्या, माझ्यासमोरसुद्धा. पुढच्या महिन्यात या. भिंगरीचा फ्रॉक इथे राहिलाय, धुऊन ठेवलाय.

फक्त एक मागते. या लग्नानंतर तुमचं-माझं नातं काय राहिलं, असं लोक तुम्हाला विचारतील. तुम्हालाही कधी वाटेल, आता यांना काय म्हणावं. तुम्ही पत्राची सुरुवात बदलू नका. मला आई म्हणणारं तुमच्याशिवाय आता कुणी नाही.

भिंगरीची आजी